प्रोबायोटिक जिवाणू साखर आत कशी घेतात? आधी ट्रान्सपोर्टर बघा, मग एन्झाइम

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी तुम्ही ग्लुकोज काढून टाकलेल्या एमआरएस ब्रॉथमध्ये (लॅक्टिक जिवाणू वाढवायच्या द्रव माध्यमात) एकदा लॅक्टोज, एकदा एफओएस (म्हणजे फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड) आणि एकदा रॅफिनोज (कडधान्यांतली साखर) घालून प्रोबायोटिक जिवाणूंचे चार स्ट्रेन, म्हणजे वाण, वाढवले. अ‍ॅसिडोफिलस एफओएसवर छान वाढला, प्लॅन्टारम जवळजवळ सगळ्यावर वाढला, रॅमनोसस जीजी लॅक्टोजवर अडला आणि बिफिडोबॅक्टेरियम बिफिडम कशावरच धड वाढला नाही. गाइडनी विचारलं की जीजीचं कल्चर खराब झालंय का, आणि तुम्हाला पडलेला प्रश्न असा की मुळात हे जिवाणू साखर आत घेतात कशी, आणि प्रोबायोटिक कॅप्सूलवर ‘एफओएससह’ लिहिलेलं असतं ते त्याच कॅप्सूलमधल्या जिवाणूच्या उपयोगाचं असतं का.

जीजीचं कल्चर बहुतेक ठणठणीत आहे. तो लॅक्टोजवर वाढतच नाही, कारण खाली सांगते. मी स्टार्टर कल्चरच्या कामात आहे आणि या क्षेत्रात नव्याने येणारी बरीच मुलं ‘हा जिवाणू अमुक साखर खातो का’ एवढाच प्रश्न विचारतात आणि लगेच एन्झाइम शोधायला लागतात, लॅक्टोज तोडणारं बीटा-गॅलॅक्टोसिडेज आहे का, रॅफिनोज तोडणारं अल्फा-गॅलॅक्टोसिडेज आहे का वगैरे. पण एन्झाइम पेशीच्या आत बसलेलं आणि साखर बाहेर, तर त्या एन्झाइमचा उपयोग शून्य. म्हणून पहिला प्रश्न हा की साखर आत येते कुठल्या वाटेने, आणि दुसरा हा की ती तोडली कुठे जाते, बाहेर, आत येता येता की आत आल्यावर. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की तुमच्या टेबलमधला जवळपास प्रत्येक आकडा आपोआप उलगडतो.

साखरेचा रेणू पाण्यात सहज विरघळतो आणि पेशीभोवतीचं पातळ आवरण, म्हणजे मेम्ब्रेन, मात्र चरबीचं, त्यामुळे साखर आपणहून आत झिरपत नाही, तिला आत घेणारं प्रोटीन, म्हणजे ट्रान्सपोर्टर, लागतंच. लॅक्टिक जिवाणूंमध्ये आणि बिफिडोमध्ये (म्हणजे बिफिडोबॅक्टेरियममध्ये) मुख्य वाटा तीन. एक पीटीएस, म्हणजे फॉस्फोट्रान्सफरेज सिस्टिम. दुसरी पर्मिएज, जिच्यात साखरेबरोबर प्रोटॉन आत येतो किंवा आतला दुसरा एखादा रेणू बाहेर जातो. तिसरी एबीसी ट्रान्सपोर्टर, जी थेट एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, जाळते.

पीटीएस मला सगळ्यात सुंदर वाटते म्हणून तिच्यावर जरा थांबते. 1964 मध्ये वर्नर कुंडिग, सुधामय घोष आणि सॉल रोझमन यांनी ई. कोलायमध्ये ती शोधली. ग्लायकोलिसिसमध्ये शेवटी शेवटी तयार होणारा पीईपी, म्हणजे फॉस्फोएनॉलपायरुव्हेट, आपला फॉस्फेट एन्झाइम-1 ला देतो, तो पुढे एचपीआर नावाच्या छोट्याशा प्रोटीनला देतो, एचपीआर तो एन्झाइम-2 च्या ए भागाला देतं, ए कडून बी कडे, आणि मेम्ब्रेनमध्ये बसलेल्या सी भागातून साखर आत येता येताच तिच्यावर तो फॉस्फेट चढतो. म्हणजे साखर आत पोचते तीच फॉस्फेट लागलेली, आता तिला बाहेर निसटता येत नाही आणि ग्लायकोलिसिसची पहिली पायरीही होऊन गेलेली असते. साखरेवर फॉस्फेट चढवायला एरवीही एक एटीपी लागलाच असता, तो इथे वाचतो, म्हणून वाहतुकीचा खर्च जवळजवळ फुकटात पडतो. साखर आंबवून जेमतेम दोन एटीपी मिळवणाऱ्या जिवाणूला ही बचत फार मोठी. प्लॅन्टारमच्या डब्ल्यूसीएफएस-1 स्ट्रेनचा जीनोम 2003 मध्ये आला तेव्हा त्यात पूर्ण अशा 25 पीटीएस सापडल्या. हा जिवाणू लोणच्यात, भाज्यांत, दुधात आणि माणसाच्या आतड्यातही राहतो, त्यामुळे समोर कुठली साखर येईल याचा नेम नाही. तुमच्याकडे तो ‘सगळ्यावर’ वाढला तो यामुळेच.

आता जीजी. लॅक्टोबॅसिलस केसाय-रॅमनोसस या घराण्यात लॅक्टोज पीटीएसने आत येतं (2020 मध्ये जीनसची नावं बदलली, आता ते लॅक्टिकेसिबॅसिलस झालेत, जुने पेपर वाचताना एवढं लक्षात ठेवा). आत आलं की ते साधं लॅक्टोज नसतं, लॅक्टोज-6-फॉस्फेट असतं, आणि ते तोडायला साधं बीटा-गॅलॅक्टोसिडेज चालत नाही, फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेज लागतं. जीजीमध्ये नेमकं या एन्झाइमचं जीन मोडलेलं आहे, आणि ही जीन्स चालू करणारं लॅकटी नावाचं रेग्युलेटर जीनही मोडलेलं आहे. त्यामुळे तो लॅक्टोज वापरू शकत नाही. तो दुधातला जिवाणू नाहीच, गोरबाख आणि गोल्डिन यांनी तो माणसाच्या आतड्यातून वेगळा केला आणि त्या दोघांच्या आडनावांवरून त्याला जीजी म्हणतात. नुसत्या दुधात तो फार हळू वाढतो, ग्लुकोज घातलं की सुटतो. गाइडना सांगा की जीजी लॅक्टोजवर वाढला असता तर उलट कंटॅमिनेशनचा संशय घ्यायला हवा होता.

हीच पीटीएसची वाट लॅक्टोकोकस लॅक्टिसमध्येही असते, म्हणजे आपल्या घरच्या विरजणात आणि चीजच्या कल्चरमध्ये जो भेटतो त्याच्यात. पण दुधावरच्या स्ट्रेनमध्ये ही जीन्स बहुतेक वेळा प्लाझ्मिडवर (मुख्य जीनोमपासून वेगळ्या, डीएनएच्या छोट्या वर्तुळावर) असतात आणि प्लाझ्मिड गळून पडू शकतं. ग्लुकोजच्या ब्रॉथमध्ये पुन्हा पुन्हा सबकल्चर करत राहिलं की लॅक्टोजची गरजच उरत नाही, हळूहळू प्लाझ्मिड नसलेल्या पेशी माजतात आणि एक दिवस तेच कल्चर दुधात घातलं तर दूध जमत नाही. लिटमस मिल्कच्या ट्यूबमध्ये हे डोळ्यांनी बघता येतं. चांगली पेशी आधी ट्यूब गुलाबी करते, मग तळापासून लिटमसचा रंग उडून पांढरं घट्ट दही होतं आणि वर गुलाबी कडा राहते. प्लाझ्मिड गेलेल्याची ट्यूब दुसऱ्या दिवशीही जांभळीच, हलवली की दूध तसंच डुचमळतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात, ग्लुकोजवर दोन्ही सारखेच वाढतात. म्हणून स्टार्टर कल्चर दुधातच जपावं असं जुनी माणसं सांगतात, त्यामागचं कारण हे.

दुसरी वाट पर्मिएजची, आणि तिचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे योगर्टचे दोन जिवाणू, स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस आणि लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस. यांच्याकडे लॅकएस नावाचं प्रोटीन असतं. ते लॅक्टोज जसंच्या तसं, फॉस्फेट न लावता आत आणतं, आत साधं बीटा-गॅलॅक्टोसिडेज त्याचे दोन तुकडे करतं, ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज. ग्लुकोज लगेच ग्लायकोलिसिसमध्ये जातं. पण यांच्या बहुतेक स्ट्रेनना गॅलॅक्टोज नीट वापरता येत नाही, मग ते आत साठून राहण्याऐवजी त्याच लॅकएसमधून बाहेर टाकलं जातं, एक लॅक्टोज आत तर एक गॅलॅक्टोज बाहेर. या अदलाबदलीत प्रोटॉनही खर्च होत नाही आणि वेगही जास्त मिळतो. अर्धी साखर फेकून देणारा जिवाणू ऐकायला उधळा वाटतो, पण दुधात जवळपास पावणेपाच टक्के लॅक्टोज समोर पडलेलं असताना कमतरता साखरेची नसतेच, शर्यत असते ती आधी आम्ल करून बाकीच्यांना हटवण्याची, आणि या शर्यतीत वेगच कामाला येतो.

याचे परिणाम स्वयंपाकघरापर्यंत जातात. दही लागतं तेव्हा दुधातलं साधारण पाव लॅक्टोजच वापरलं गेलेलं असतं, पीएच 4.6 च्या आसपास आला की केसीन हे दुधातलं प्रोटीन जमतं आणि पुढे आम्लामुळे जिवाणूंचा वेगही मंदावतो. म्हणजे दह्यात लॅक्टोज नसतं हा समज चुकीचा, बरंच शिल्लक असतं, वर बाहेर टाकलेलं गॅलॅक्टोजही असतं. श्रीखंडासाठी चक्का बांधला की या दोन्हींचा मोठा भाग निवळीबरोबर निघून जातो. मोझरेलात हे गॅलॅक्टोज मागे राहिलं तर पिझ्झा भाजताना चीजवर गडद तपकिरी डाग पडतात, आणि म्हणून चीजवाले गॅलॅक्टोज वापरणारे स्ट्रेन मुद्दाम शोधतात. ज्या बाळांना गॅलॅक्टोसिमिया (गॅलॅक्टोज वापरता न येण्याचा जन्मजात आजार) असतो त्यांच्या बाबतीत तर दही ‘आंबलेलं आहे, चालेल’ असं अजिबात समजू नये.

लॅक्टोज न पचणाऱ्यांना दही मग बरं का वाटतं? इथे वाहतुकीचा मुद्दा उलट्या बाजूने येतो. 1984 मध्ये कोलार्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की योगर्टमधलं लॅक्टोज दुधातल्या लॅक्टोजपेक्षा चांगलं पचतं, कारण जिवाणूतलं बीटा-गॅलॅक्टोसिडेज आतड्यात काम करतं. योगर्टचे जिवाणू पित्तापुढे फारसे टिकत नाहीत, पित्ताने मेम्ब्रेन सैल पडतं, साखर आत शिरते, एन्झाइम बाहेर झिरपतं, आणि आतड्यात पोचलेलं लॅक्टोज तुटतं. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2010 मध्ये हा दावा मान्य केला, अट अशी की दर ग्रॅम योगर्टमध्ये किमान 10 कोटी जिवंत जिवाणू हवेत. आता यात बारकावा बघा, ज्या जिवाणूकडे फक्त पीटीएस आणि फॉस्फो-बीटा-गॅलॅक्टोसिडेजची वाट आहे तो असा फुटला तरी या कामाचा नाही, कारण त्याच्या एन्झाइमला फॉस्फेट लागलेलं लॅक्टोजच लागतं आणि ते पेशीबाहेर तयार होत नाही. आम्ल दोघेही तितकंच करतात, ट्यूबमध्ये फरक कळणार नाही, पण पोटात फरक पडतो. कुठल्याही कल्चरला ‘लॅक्टोज पचवायला मदत करतं’ असं म्हणण्याआधी ते लॅक्टोज कुठल्या वाटेने घेतं हे बघायलाच हवं, हे माझं ठाम मत आहे.

आता तुमच्या एफओएसकडे येते, कारण तिथेच तुमचा सगळ्यात चांगला डेटा आहे. एफओएस म्हणजे सुक्रोजला एकेक फ्रुक्टोज जोडत गेलेली साखळी, केस्टोज, नायस्टोज, फ्रुक्टोसिलनायस्टोज, आणि तीच साखळी लांबत गेली की इन्युलिन, चिकोरीच्या मुळातलं इन्युलिन साठेक एककांपर्यंतही जातं. कांद्या-लसणातही हीच मंडळी. अ‍ॅसिडोफिलस एनसीएफएम स्ट्रेनमध्ये 2003 मध्ये एक अख्खा ओपेरॉन (एकत्र चालू-बंद होणाऱ्या जीन्सचा गट) सापडला, त्यात एबीसी ट्रान्सपोर्टरची चार जीन्स, एमएसएम ई, एफ, जी आणि के, आणि त्यांच्याबरोबर पेशीच्या आत काम करणारं बीटा-फ्रुक्टोसिडेज. म्हणजे हा जिवाणू छोटी साखळी अख्खी गिळतो आणि आत नेऊन तोडतो. ई हे प्रोटीन मेम्ब्रेनच्या बाहेरच्या बाजूला चिकटून साखर ओळखतं आणि पकडतं, एफ आणि जी वाट करून देतात, के एटीपी जाळतं. प्लॅन्टारम मात्र तेच छोटं एफओएस सुक्रोजच्या पीटीएसने आत घेतो. आणि पॅराकेसायच्या काही स्ट्रेनमध्ये तिसराच प्रकार, पेशीभित्तिकेवर अडकवलेलं एन्झाइम बाहेरच साखळी तोडतं आणि सुटलेली साखर मग आत जाते, त्यामुळे त्यांना लांब इन्युलिनही चालतं. साखर तीच, गट लॅक्टिकचाच, आणि वाटा तीन.

आणि हे ओळखायला जीनोम लागतोच असं नाही, एक टीएलसी (थिन लेअर क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पातळ थरावर साखरा वेगळ्या करण्याची पद्धत) प्लेट पुरते. शून्य, सहा, बारा आणि चोवीस तासांचं सुपरनॅटंट (पेशी खाली बसवल्यावर वर उरलेलं पाणी) घ्या, सिलिका प्लेटवर शेजारी शेजारी थेंब द्या, ब्युटानॉल-अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड-पाणी या सॉल्व्हंटमध्ये चालवा, अ‍ॅनिलिन-डायफिनाइलअमीनमध्ये बुडवून गरम करा. वर फ्रुक्टोज-ग्लुकोज, त्याखाली सुक्रोज, मग केस्टोज, नायस्टोज, अशी शिडी उतरत जाते आणि लांब साखळ्या तळाशी जवळजवळ सुरुवातीच्या रेषेवरच राहतात. अख्खी गिळणारा जिवाणू असेल तर शिडीच्या छोट्या पायऱ्या एकेक करून पुसट होतात, लांब तशाच राहतात, आणि मोकळ्या फ्रुक्टोजचा ठिपका वाढत नाही. बाहेर तोडणारा असेल तर पूर्ण शिडी फिकट होते आणि वर फ्रुक्टोजचा ठिपका ठळक होतो, नंतर तोही कमी होतो. तुमच्या अ‍ॅसिडोफिलसच्या फ्रीजमध्ये ठेवलेल्या सॅम्पलवर हे एका दुपारी होईल आणि थीसिसमध्ये ओडीच्या (ब्रॉथच्या गढूळपणावरून वाढ मोजायच्या आकड्याच्या) आलेखापेक्षा जास्त वजन पडेल.

हा आत-बाहेरचा फरक नुसता पुस्तकी नाही. बाहेर तोडलं की सुटलेली साखर शेजाऱ्यालाही मिळते, आत नेऊन तोडलं की सगळं आपलंच. याचा सगळ्यात स्पष्ट दाखला आईच्या दुधात आहे. आईच्या दुधात लॅक्टोज साधारण 7 टक्के, त्याशिवाय दर लिटरला 5 ते 15 ग्रॅम ऑलिगोसॅकराइड असतात, शंभराहून जास्त प्रकारचे, आणि बाळाकडे ते पचवायला एन्झाइमच नाहीत. ते जवळजवळ तसेच मोठ्या आतड्यात पोचतात आणि बिफिडोबॅक्टेरियमला मिळतात. बिफिडो लाँगमचा इन्फँटिस हा उपप्रकार ते अख्खेच्या अख्खे एबीसी ट्रान्सपोर्टरने आत ओढतो आणि फ्युकोज, सायलिक अ‍ॅसिड सगळं आतच सोलून काढतो. 2008 मध्ये त्याचा जीनोम आला त्यात सुमारे 43 हजार बेसचा एक सलग पट्टा फक्त याच कामाचा निघाला, ट्रान्सपोर्टरची पकडणारी प्रोटीन्स आणि तोडणारी एन्झाइम्स शेजारी शेजारी. बिफिडम, म्हणजे तुमचा चौथा स्ट्रेन, अगदी उलट वागतो. त्याची एन्झाइम्स पेशीच्या पृष्ठभागावर असतात, तो बाहेर सोलतो, स्वतः लॅक्टो-एन-बायोजसारखे तुकडे उचलतो आणि फ्युकोज वगैरे बाहेर सोडून देतो, त्यावर दुसरे बिफिडो जगतात.

2016 मध्ये जपानी संशोधकांनी बाळांच्या आतड्यातले बिफिडो तपासले तेव्हा फ्युकोसिललॅक्टोज आत घेणारा एबीसी ट्रान्सपोर्टर कुणाकडे आहे यावरून फरक दिसला. तो ट्रान्सपोर्टर असलेले बिफिडो ज्या बाळांत होते त्यांच्या शीमध्ये फ्युकोसिललॅक्टोज शिल्लक राहत नव्हतं, आणि बिफिडो, अ‍ॅसिटेट जास्त मिळत होतं. मी वर आधी ट्रान्सपोर्टर बघा म्हटलं ते अशाच पुराव्यांच्या जोरावर.

बिफिडोंचा एबीसीवर एवढा भर का, हा प्रश्न मुलं नेहमी विचारतात, कारण एबीसी महाग आहे, एका रेणूमागे एक-दोन एटीपी जातात. पण तो खर्च रेणूमागे आहे, साखरेच्या एककामागे नाही. चार एककांची साखळी एका खेपेत आत आली तर खर्च चार भागांत वाटला जातो. वर बिफिडोंचा स्वतःचा मार्ग आहे, फ्रुक्टोज-6-फॉस्फेट फॉस्फोकीटोलेज नावाच्या एन्झाइमवर चालणारा, त्यात दोन ग्लुकोजमागे तीन अ‍ॅसिटेट, दोन लॅक्टेट आणि पाच एटीपी मिळतात, म्हणजे एका ग्लुकोजमागे अडीच, जिथे नेहमीच्या ग्लायकोलिसिसने दोन मिळतात. प्रोटॉनवाली वाट स्वस्त वाटते पण तीही फुकट नाही, या जिवाणूंकडे श्वसनसाखळी नसल्यासारखीच, त्यामुळे प्रोटॉन बाहेर ढकलायला एटीपीएजला एटीपी जाळावाच लागतो. साखर साधी आणि भरपूर असेल तिथे पीटीएस आणि पर्मिएज परवडतात, मोठ्या आतड्यासारख्या ठिकाणी, जिथे साधी साखर आधीच शोषली गेलेली असते आणि उरतात फक्त साखळ्या, तिथे एबीसी परवडते.

आता साखरांच्या क्रमाबद्दल, कारण तुमच्या आलेखात एफओएसवर जो सुरुवातीचा लांब लॅग, म्हणजे वाढ सुरू होण्याआधीचा थांबा, दिसतो तो इथून येतो. 1941 मध्ये पॅरिसमध्ये जाक मोनो या शास्त्रज्ञांनी दोन टप्प्यांची वाढ दाखवली, आधी आवडती साखर संपते, मध्ये थोडा थांबा, मग दुसरी. लॅक्टिक जिवाणूंत यामागे पुन्हा एचपीआरच आहे. ग्लुकोज भरपूर असलं की एचपीआरच्या 46 व्या सेरिनवर फॉस्फेट बसतो, हे रूप सीसीपीए नावाच्या रेग्युलेटरला जाऊन मिळतं आणि बाकीच्या साखरांची जीन्स बंद होतात. अ‍ॅसिडोफिलसचा एफओएसवाला ओपेरॉन सुक्रोज आणि एफओएसने चालू होतो, ग्लुकोज असताना दबतो. तुम्ही इनॉक्युलम साध्या ग्लुकोजवाल्या एमआरएसमध्ये वाढवून थेट टाकलं असणार, त्यामुळे पेशी एफओएसमध्ये पडल्या तेव्हा त्यांच्याकडे ट्रान्सपोर्टरच तयार नव्हता. पण ‘ग्लुकोज नेहमी पहिलं’ हे सूत्र म्हणून लिहू नका. थर्मोफिलसला लॅक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त मानवतं, आणि बिफिडो लाँगमच्या एनसीसी-2705 स्ट्रेनमध्ये लॅक्टोज असलं तर ग्लुकोजच्या ट्रान्सपोर्टरचं जीनच दाबलं जातं.

प्रयोग पुन्हा करणार असाल तर काही गोष्टी नक्की सांभाळा. एमआरएसमधून ग्लुकोज काढलं तरी त्यात यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, बीफ एक्स्ट्रॅक्ट, सायट्रेट हे सगळं राहतं आणि त्यावर थोडी वाढ होतेच, म्हणून साखर अजिबात न घातलेली ट्यूब प्रत्येक स्ट्रेनबरोबर हवीच, आणि तिचा ओडी वजा करूनच बोला. एफओएसची पावडर 95 टक्के शुद्ध असेल तरी उरलेल्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज आणि सुक्रोज असतं, एक टक्का एफओएस घातलं की त्यातून 0.05 टक्के साधी साखर आलीच, तेवढ्यावर ओडी किंचित हलतो आणि लोक त्याला ‘मध्यम वाढ’ लिहून मोकळे होतात. साखर मीडियमबरोबर ऑटोक्लेव्ह करू नका, वेगळी 0.22 मायक्रॉनच्या फिल्टरमधून घाला, नाहीतर ब्रॉथ तपकिरी होतो आणि साखळ्याही थोड्या तुटतात. इनॉक्युलम सलाइनने दोनदा धुवा, आणि शक्य असेल तर ज्या साखरेवर तपासायचं त्याच साखरेत एक पिढी आधी वाढवून मग ट्यूबमध्ये टाका. ओडीबरोबर पीएचही नोंदवा, पीएच उतरला नसेल तर ती वाढ साखरेवरची नाही.

बिफिडमबद्दल, मला तुमच्या मीडियमचाच संशय येतो. त्याला 0.05 टक्के सिस्टीन आणि नीट अ‍ॅनेरोबिक जार लागतो, नाहीतर तो लॅक्टोजवरही रडतो. सिस्टीन घालून लॅक्टोजवर चांगला वाढला आणि एफओएस-रॅफिनोजवर तरीही नाही, तर ते बरोबर उत्तर आहे, त्याची आवड आईचं दूध आणि म्युसिन (आतड्याच्या आतला चिकट थर) यांतल्या साखरांची, डाळी-कांद्याच्या साखरांची नाही.

लॅक्टोजची वाट कुठली ते बघायला ओएनपीजी (बीटा-गॅलॅक्टोसिडेजने तुटलं की पिवळा रंग देणारं रसायन) वापरा, दोन पद्धतीने. अख्ख्या पेशींवर आणि टोल्युइनचे दोन थेंब देऊन मेम्ब्रेन सैल केलेल्या पेशींवर. अख्ख्यांत पिवळा रंग हळू आणि सैल केलेल्यांत झटकन आला तर एन्झाइम आत आहे आणि अडथळा वाटेचा होता. सैल करूनही रंग आला नाही पण जिवाणू लॅक्टोजवर वाढतो असं दिसलं तर फॉस्फोवाली वाट धरा, त्यासाठी ओएनपीजी-6-फॉस्फेट मिळतं, महाग आहे, डिपार्टमेंटला थोडंच मागवायला सांगा.

कॅप्सूलमधल्या एफओएसचा प्रश्न. त्यातला जिवाणू एफओएस घेतो की नाही हे स्ट्रेनवर आहे आणि लेबलवर ते लिहिलेलं नसतं, अनेकदा दोन्ही गोष्टी एकत्र घातल्या एवढंच असतं. दुसरं, मात्रा. मोठ्यांच्या कॅप्सूलमध्ये एफओएस असतं मिलिग्रॅममध्ये, आणि आतड्यातल्या बिफिडोंवर परिणाम दिसायला लागतात काही ग्रॅम. चिकोरी इन्युलिनबद्दल युरोपात जो दावा मान्य झाला तो रोज 12 ग्रॅमचा आहे. तेवढं कॅप्सूलमध्ये मावत नाही. नवजात बाळाचं गणित मात्र वेगळं. ओडिशाच्या खेड्यांत साडेचार हजारांहून जास्त नवजात बाळांवर झालेली चाचणी 2017 मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात प्लॅन्टारमचा एक निवडलेला स्ट्रेन आणि 150 मिलिग्रॅम एफओएस सात दिवस दिलं होतं, आणि सेप्सिस (अंगभर पसरलेला गंभीर संसर्ग) किंवा मृत्यू यांचं प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आलं. तिथे जिवाणू आतड्यात टिकतो का हे आधी तपासून स्ट्रेन निवडला होता, आणि प्लॅन्टारम छोटं एफओएस घेतो हे आपण वर पाहिलंच. पण त्या निकालावरून बाजारातल्या कुठल्याही स्ट्रेनच्या पाकिटाबद्दल काहीही सिद्ध होत नाही, आणि नवजात बाळाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय असलं काही देऊ नये.

रॅफिनोजचा मुद्दा राहिला. हरभरा, वाल, मटकी, राजमा यांत रॅफिनोज आणि स्टॅकिओज असतात, आपल्याकडे अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नाही म्हणून ते मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात आणि पोट फुगतं, मोड आणल्यावर त्यांचं प्रमाण कमी होतं म्हणून मोडाची उसळ जरा सोसते. ते आंबवणाऱ्यांत बिफिडो लॅक्टिससारखे एबीसीवाले असतात आणि गॅस सोडणारे दुसरेही असतात, बिफिडो स्वतः या मार्गाने गॅस करत नाहीत. तुमच्या प्लॅन्टारमला रॅफिनोज जमलं कारण त्याच्याकडे त्याची पर्मिएज आणि अल्फा-गॅलॅक्टोसिडेज दोन्ही आहेत. थीसिसमध्ये साखरांच्या टेबलला आणखी दोन कॉलम जोडा, ‘वाट’ आणि ‘तोडण्याची जागा’, जिथे तुमच्या टीएलसी-ओएनपीजीचा पुरावा आहे तिथे तो लिहा आणि जिथे फक्त जीनोमवरून अंदाज आहे तिथे तसं स्पष्ट लिहा. टीएलसीचे फोटो आले की इथेच टाका, ठिपके वाचायला मदत करते.